देवलांची पेटी, मिरजेचा तंबोरा

१९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून एक लहानसं इंग्रजी पुस्तक बाहेर पडलं. विषय होता हिंदू संगीताचं सप्तक आणि त्यातल्या बावीस श्रुती. लेखक सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, कृष्णाजी बल्लाळ देवल. पेन्शनीत निघाल्यावर त्या काळची माणसं ज्ञानेश्वरी उघडायची, नाहीतर भाऊबंदकीतला एखादा जुना दावा उकरून काढायची. देवलांनी तार मोजायला घेतली. ज्याची सगळी नोकरी जमीनमहसुलाच्या खात्यात गेली, त्याने षड्जाची हद्द कुठे संपते आणि ऋषभाची कुठे सुरू होते हे ठरवायला बसावं, यात एक मौज आहे. पण देवलांना ते मौजेचं वाटत नव्हतं. त्यांना त्याचा निकाल हवा होता.

आज एखादा मुलगा लॅपटॉपवर सिंथचा सूर धरून ठेवतो आणि त्यावर बासरी किंवा सतार वाजवून घेतो, तेव्हा पहिली कुरबूर होते ती बहुधा गंधारावर. वाजवणारा म्हणतो, तुझा चढा आहे. यंत्रवाला आकडा दाखवतो आणि म्हणतो, माझा बरोबर आहे. हा तंटा विजेच्या आधीचा आहे. आपल्याकडे तो पहिल्यांदा नीट, कागदोपत्री, पुरावे मांडून लढला गेला तो सांगली-साताऱ्याकडच्या माणसांमुळे, आणि त्या वेळी यंत्र होतं हार्मोनियम.

पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेली ही पेटी आपल्याकडे आली आणि पन्नास-साठ वर्षांत आपल्याच घरातली झाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताने भाता मारायची सोय केली, तेव्हापासून ती मांडी घालून बसलेल्या माणसापुढे आली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, मागोमाग संगीत नाटक कंपन्यांचा सुकाळ झाला. पदं म्हणायची तर सूर धरायला कुणीतरी हवं. सारंगिया सांभाळणं महाग आणि लहरी काम. पेटी मात्र बैलगाडीत टाकली की गावोगाव फिरते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या सांगलीच्या पंचक्रोशीत तर नाटकवेड पाण्यासारखं वाहत होतं. कीर्तनात पेटी, भजनात पेटी, शाळेत पेटी. गळा तिच्यावर तयार होऊ लागला.

आणि जाणत्या कानाला खटकायलाही लागलं. का ते आकड्यांतच बघितलेलं बरं. देवलांच्या वेळच्या अभ्यासकांची रीत अशी, की मध्य षड्जाला सेकंदाला २४० कंपनं धरायची. मग तारेच्या हिशेबाने शुद्ध गंधार येतो ३००, पंचम ३६०, तार षड्ज ४८०. विलायती पेटीत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे केलेले असतात. तिथे पंचम पडतो ३५९.६ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागी. पण गंधार जातो ३०२.४ वर. दोन-अडीच कंपनांनी काय बिघडतं? एकट्या पेटीवर काही बिघडत नाही. पण शेजारी तंबोरा लावा. त्याच्या खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार उमटतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्ज १२०चा, तर हा गंधार ६००चा. पेटीचा गंधार एक सप्तक वर नेला तर ६०४.८. म्हणजे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच लहरी उठतात. गवयाला नेमक्या त्या हेलकाव्यावर आवाज टेकवायचा असतो. बरं, गवई तिसराच गंधार लावणार नाही. तो तंबोऱ्याकडेच जाणार. मग साथीची पेटी आणि गाणारा यांच्यात जे होतं ते मैफलीत बसलेल्याला ‘काहीतरी’ म्हणून जाणवतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत: षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गंधाराच्या दोन, मध्यम-पंचमाच्या चार-चार, धैवताच्या तीन, निषादाच्या दोन. बेरीज बावीस. पण एक श्रुती केवढी, याचं माप त्यात नाही. ते पुढे सतराव्या शतकात अहोबलाच्या ‘संगीतपारिजात’मध्ये वेगळ्या वाटेने आलं, त्याने स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवर सांगितल्या. ३६ इंचांची तार घ्या. मोकळी सोडली तर षड्ज. बरोबर मध्ये, १८ इंचांवर दाबली तर तार षड्ज. २४ इंचांवर पंचम, २७ वर मध्यम, ३२ वर ऋषभ. कुणीही घरी करून बघावा असा हा प्रयोग आहे. फूटपट्टी आणि एक लाकडाची घोडी, एवढ्यावर भागतं.

देवलांनी याच धर्तीवर काम केलं, फक्त उलट बाजूने. ग्रंथातून तारेकडे न जाता ते गळ्याकडून तारेकडे गेले. गवयाने स्वर लावायचा, तारेखालची घोडी सरकवत सरकवत त्या स्वराशी मिळवायची, दोहोंमधली लहर बंद पडली की लांबी मोजायची. पद्धत सोपी. अवघड होता तो गळा. घोडी सरकत असताना स्वर तसूभरही हलता कामा नये, आणि तोच स्वर पुन्हा मागितला की पुन्हा तिथेच पडला पाहिजे.

तो गळा त्यांना मिळाला अब्दुल करीम खाँचा.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. बडोद्याच्या दरबारात होते, तिथून बाहेर पडले, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या पट्ट्यात स्थिरावले. मिरज तर पुढे त्यांचं गावच झालं. किराणा घराण्याचं सगळं वैभव एकेका स्वराच्या लावण्यात. लयीच्या कसरतींपेक्षा सुराशी एकजीव होण्याकडे त्यांचा ओढा. शिवाय ते हाताचे कारागीर होते. बिघडलेली वाद्यं स्वतः उघडून दुरुस्त करायची, तंबोऱ्याची जवारी स्वतः काढायची, हत्यारांची पेटी जवळ बाळगायची, हे त्यांच्याविषयी ज्याने त्याने लिहून ठेवलं आहे. देवलांना मिळालेला माणूस गाणारा होताच, शिवाय लाकूड, तार, घोडी यांची भाषा समजणारा होता. मोजणी करणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

या जोडीला तिसरा आला तो इंग्रज. अर्नेस्ट क्लेमंट्स, आयसीएस, साताऱ्याकडे नेमणुकीला असलेला जिल्हा न्यायाधीश. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्याहून बराच मोठा. वाळवा, तासगाव, खानापूर त्यातच होते, आणि सांगली-मिरज ही पटवर्धनांची संस्थानं त्याला लागून. पुढे १९४९ मध्ये या भागाचा ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळालं. देवल आणि क्लेमंट्स हे एकाच मुलखातले शेजारी म्हणायला हरकत नाही.

क्लेमंट्स युरोपातल्या नव्या ध्वनिशास्त्राचे दिवस बघितलेल्या पिढीतला. हेल्महोल्ट्झचा ग्रंथ १८६३चा. त्याचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या एलिसने १८८५ मध्ये सप्तकाचे १२०० सेंट पाडून जगभरच्या सुरावटी मोजण्याचा पायंडा घातला. या मोजपट्टीवर शुद्ध गंधार ३८६ सेंटवर येतो आणि पेटीचा नेमका ४०० वर. क्लेमंट्सला देवलांच्या तारेत त्याच शास्त्राची साक्ष दिसली. १९११ मध्ये फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी राहिली. १९१३ मध्ये क्लेमंट्सचं स्वतःचं पुस्तक लंडनहून निघालं. आणि दोघांनी मिळून एक यंत्र करवून घेतलं: श्रुतीची हार्मोनियम. बनवली लंडनच्या मूर अँड मूर या पेढीने.

हे यंत्र म्हणजे काय, ते समजायला पेटीचं पोट उघडून बघावं लागतं. आत पितळेच्या चौकटीत पितळेचीच पातळ जीभ बसवलेली असते. आपले पेटीवाले तिला सूर म्हणतात. भात्याची हवा लागली की ती थरथरते. सूर चढवायचा असेल तर जिभेचं टोक कानशीने किंचित घासायचं, म्हणजे टोक हलकं होऊन ती जलद हलते. उतरवायचा असेल तर बुडाशी घासायचं. एकदा घासलं की ते पितळ परत येत नाही. बाराऐवजी बावीस सूर घासून बसवले, की पेटीला श्रुती लाभल्या. पण त्या त्या एकाच षड्जाच्या. गायकाने पट्टी बदलली, काळी एकऐवजी काळी दोन मागितली, तर सगळा हिशेब कोसळतो. बारा सारखे तुकडे करणाऱ्यांनी गंधार बिघडवला तो उगीच नव्हे. कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून त्यांनी सगळ्याच स्वरांना थोडी थोडी तोशीस दिली होती. ही अडचण देवलांच्या विरोधकांनी फार उगाळली नाही याचं मला नवल वाटतं. त्यांचा आक्षेप वेगळ्याच जागी होता.

१९१६च्या मार्चमध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सयाजीराव गायकवाडांचा आश्रय, विष्णु नारायण भातखंडे यांची कल्पना आणि धडपड. ज्या बडोद्याहून अब्दुल करीम खाँ पूर्वी निघून आले होते, तिथेच त्यांच्या गळ्यावर मोजलेल्या श्रुतींची तपासणी व्हायची होती. सगळ्या प्रकाराला कचेरीचा वास आहे हे लपत नाही: दावा मांडणारा निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्याच्या बाजूला एक न्यायाधीश, समोर भातखंडे, जे स्वतः वकिली केलेले, आणि साक्षीला पिढीजात गवई. परिषदेला उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँसारखे बुजुर्ग होते. गवयांनी स्वर लावायचे आणि पेटीशी ताडून बघायचे, असं ते प्रकरण झालं. पेटी काही जमलेल्या मंडळींना पटली नाही.

भातखंड्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आजचं गाणं बारा स्वरांवर उभं आहे, जुन्या ग्रंथांतल्या श्रुती आजच्या रागांना चिकटवण्यात अर्थ नाही, आणि एकाच रागाचा एकच स्वर दोन उस्ताद थोडासा वेगळा लावतात. यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. देवलांनी खाँसाहेबांचा गळा मोजला; तो बिनचूक मोजला असंही धरू. पण तो एका थोर गवयाचा, एका घराण्याचा गळा. धैवताचंच घ्या. २४०च्या षड्जावर धैवत ४०० वर धरा किंवा ४०५ वर. दोन्हींना शास्त्र आहे, दोन्ही कानाला गोड आहेत, पहिला गंधाराशी बोलतो, दुसरा ऋषभाशी. पेटीचा समान तुकड्यांचा धैवत ४०३.६ वर, दोघांच्या मध्ये, म्हणजे धड कुणाचाच नाही. देवल म्हणणार यातला खरा कोणता ते ठरवा. गवई म्हणणार राग कोणता ते आधी सांगा.

शिवाय दरबारीचा गंधार उभा राहत नाही, झुलतो. तोडीचा ऋषभ मिंडेतून येतो. जो स्वर हलताहलता लागतो त्याची जागा कुठे मोजायची? पितळेची जीभ हलत नाही. मोजणी चुकीची होती म्हणून देवल-क्लेमंट्स यांचा पराभव झाला असं मला वाटत नाही. ते आकडे आजही बव्हंशी उभे राहतील. त्यांनी यंत्राला गवयाच्या शेजारी बसवण्याऐवजी समोर, उंच खुर्चीवर बसवलं. पेटीने सूर सांगायचा आणि उस्तादाने तो बरोबर लावला की नाही ते ठरवायचं! बडोद्याच्या सभेतला कुठला खानदानी गवई हे ऐकून घेणार होता?

पुढचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. पेटीला शत्रू वाढत गेले, पण बावीस श्रुतींच्या पेटीला नव्हे, साध्या पेटीला. १९४०च्या मार्चपासून आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली. पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स तिच्याविरुद्ध होते, लायोनेल फील्डन प्रमुख होते, रवींद्रनाथही तिच्यावर नाराज होते. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनीही ती बंदी कायम ठेवली. सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं १९६३ मध्ये; त्या वेळीही ही बंदी होतीच. १९७१ मध्ये ती सैल झाली. ज्या गावातल्या माणसाने पेटीला श्रुती शिकवण्यासाठी पेन्शनीची वर्षं खर्ची घातली, त्या गावच्या नव्या स्टुडिओत पेटीला मज्जाव होता. दरम्यान बाहेर नाटकात, मैफलीत, घराघरांत तीच बारा स्वरांची पेटी राज्य करत राहिली. गवयांनी तिच्याशी आपापला तह केला. चांगला पेटीवाला गंधार दाबून धरत नाही, चाटून जातो. लांब सूर पडला तर पंचम-षड्जावर सरकतो. यंत्राची खोड ओळखून ती झाकायची कला त्यांनी बोटांत आणली.

आता तंबोऱ्याकडे वळायला हवं, कारण खरी तुलना त्याच्याशी आहे. सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर मिरज. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून सतारी-तंबोरे करणारे कारागीर निघाले. फरीदसाहेब सतारमेकर हे नाव या परंपरेच्या सुरुवातीला घेतलं जातं. राजांच्या लढाया संपल्या, तलवारींचं काम आटलं, हात मात्र कसबी होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, तुणीचं लाकूड आणि पटवर्धनांच्या संस्थानातला गाण्याचा शौक, एवढ्यावर एक अख्खी गल्ली उभी राहिली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच शिकले, तेव्हा गिऱ्हाईक दारातच होतं.

तंबोऱ्याचं सगळं मर्म एका बोटभर जागेत असतं. घोडीचा माथा सपाट वाटतो पण नसतो; त्याला पुढे अगदी किंचित उतार दिलेला असतो. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा शिंगाची असे. कारागीर कानशीने एक हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि त्यातून वरचे सगळे स्वर झिणझिणत बाहेर पडतात. ही जवारी. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. तो कुठेतरी एका जागी आला की मिटलेला आवाज उघडतो. केसाएवढा पुढे गेला की पुन्हा मिटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी वीणा-तंबोऱ्यांवर लिहिताना दाखवून दिलं, की तार ज्या बिंदूवर छेडली असता शास्त्राप्रमाणे एखादा उपस्वर निघायलाच नको, तिथेही तो या घोडीमुळे खणखणीत निघतो. थोडक्यात, मिरजेतल्या कानशीने युरोपातल्या नियमाला अपवाद घडवला होता. देवल श्रुती शोधत होते त्या याच तारेत गुणगुणत होत्या, कुणालाही निकाल न देता.

अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर गेले. त्यांना मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं, आणि तिथल्या उरुसातला संगीतोत्सव पुढे देशभरच्या गवयांचा हजेरीचा दिवस झाला.

त्याच्या चाळीस-बेचाळीस वर्षांनी यंत्र पुन्हा आलं. या वेळी विजेचं. बंगळूरचे जी. राज नारायण स्वतः बासरी वाजवणारे आणि शिक्षणाने इंजिनिअर. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९च्या सुमारास लोकांपुढे आला आणि ‘राडेल’ हे नाव पुढे संगीतवाल्यांच्या घरोघर पोचलं; मुंबईहून ‘रागिणी’ आली. पहिल्या यंत्रांत सर्किटमधून घडवलेला स्वर असे, चार छेड ठरावीक अंतराने पडत. बटणाने पट्टी, बटणाने लय, पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची ते निवडायचं. आवाज पत्र्यासारखा होता, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करावं. जवारीचा उजेड त्यात नव्हता, आणि एक छेड दुसऱ्या छेडीसारखीच. मिरजेच्या तंबोऱ्यात एक तार दुसरीला हलवते, हवा बदलली की सूर उतरतो, म्हणून कुठलंही आवर्तन दुसऱ्यासारखं नसतं. नंतर खऱ्या तंबोऱ्यांचे नमुने ध्वनिमुद्रित करून ते यंत्रात भरले गेले, तेव्हा आवाज बराच माणसात आला.

तरीही हे यंत्र एवढं पसरलं की आज कुठल्याही क्लासच्या कोपऱ्यात ते गुणगुणत असतं. बडोद्याला जे साधलं नाही ते याला का साधलं? सोय होतीच: फ्लॅटमध्ये दोन तंबोरे ठेवायला जागा नाही, ते छेडायला शिष्य नाही, प्रवासात भोपळा फुटायची धास्ती. पण मुख्य कारण वेगळं आहे. या यंत्राने कुणाची परीक्षा घ्यायचा आव आणला नाही. ते बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम देतं, म्हणजे ज्या दोन स्वरांवर जगात कुणाचा वाद नाही ते. गंधार कुठे लावायचा हे गाणाऱ्यावर सोपवून ते मागे बसलं. भीमसेन जोशींसारख्यांच्या मागे मिरजेचेच तंबोरे असायचे. पण मैफलीत दोन खरे तंबोरे आणि शेजारी एक यंत्र, असं दृश्य हळूहळू नेहमीचं झालं, आणि त्याविरुद्ध कुणी परिषद भरवली नाही.

याच सुमारास, थोडं आधी आणि थोडं नंतर, आपल्याकडे शुद्ध विजेच्या सुरावर गाणं रचायचेही प्रयत्न झाले. १९६९ मध्ये अमेरिकेचे डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर घेऊन आले. गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी त्यावर काम केलं, आणि त्या फिती अनेक वर्षं कपाटात पडून राहिल्या. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत केर्सी लॉर्ड यांनी सिंथेसायझर आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंगांनी रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्या वेळी कुणी ढुंकून बघितलं नाही. पंचवीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांना ती तबकडी सापडली आणि ते चक्रावले. त्यातलं एक छोटं यंत्र, टीबी-३०३, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतं. सिंगांना रागांसाठी ते हाताशी लागलं यात माझ्या मते योगायोग फारसा नाही. पितळेच्या जिभेला जे जमलं नव्हतं ती मींड, गावठी का होईना, विजेने करून दाखवली होती.

युरोप-अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या टोकाने आला. तिथे सुराचं भांडण नव्हतं, वेळेचं होतं. ब्रुनो मादेर्नाने १९५२ मध्ये बासरी आणि ध्वनिफीत एकत्र आणली. १९६० मध्ये श्टॉकहाउझनने पियानो-तालवाद्यं आणि फितीवरचे विजेचे आवाज यांचं ‘कोन्ताक्ते’ वाजवलं. न्यू यॉर्कला मारिओ दाविदोव्स्कीने फीत आणि एकेक वाद्य यांच्या रचनांची मालिकाच लिहिली. सगळ्यांची अडचण एकच: फीत थांबत नाही. वाजवणाऱ्याने श्वास घ्यायला क्षणभर उशीर केला की ती पुढे निघून जाते. मग १९८०च्या दशकात पॅरिसच्या संशोधन केंद्रात संगणकाला ऐकायला शिकवायचे प्रयत्न झाले. फिलिप मनूरीच्या १९८७च्या बासरीच्या रचनेत बासरीवाला पुढे आणि संगणक त्याचा माग काढत मागून. आपल्याकडच्या कुठल्याही सारंगियाला हे सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, साथ म्हणजे दुसरं काय?

मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. अंगठ्याने ढकलले की सरकतात. म्हणजे या मुलखातलं जुनं वाद्य मुळातच तडजोडीला तयार आहे. देवलांच्या वाटेवरही कुणी कुणी पुन्हा चाललं आहे: डॉ. विद्याधर ओक यांच्या हार्मोनियमवर षड्ज-पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा, वाजवणाऱ्याने राग बघून निवडायच्या. दहा दुणे वीस आणि दोन. आणि संगणकावर तर पितळ घासायचीही गरज उरलेली नाही. सॉफ्टवेअर उघडलं की गंधार आपोआप ४०० सेंटवर बसलेला मिळतो, कारण कारखान्याने तो तसा बसवून पाठवला आहे. त्या जागी ३८६ लिहायला दोन सेकंद लागतात. बहुतेक जण ते लिहीत नाहीत. सतारीवाल्याला मग गंधाराचा पडदा सिंथकडे सरकवावा लागतो, आणि पडदा सरकला की त्याच सतारीच्या तरफेच्या तारा, ज्या त्याने घरी तंबोऱ्यावर मिळवून आणलेल्या असतात, गुणगुणायच्या थांबतात.